लालबागच्या पत्त्यावरची गाठ

सांगली,
१५ नोव्हेंबर १९७७

प्रिय नारायण,

‘प्रिय’ लिहून झालं. खोडावं असं वाटलं. पण इतकी वर्षं ज्याला हेच लिहीत आले, त्याला आज एकदम ‘डॉ. नारायण यांस’ लिहिणं जमेना. तेव्हा राहू दे ते. पुढचं पत्र मात्र गोड नाही, हे आधीच सांगते, म्हणजे दोन पेशंटांच्या मधे चहा पिता पिता तू ते उघडणार नाहीस. घरी जा, बूट काढ, आणि मग वाच.

तुझी प्रुफं पोचली. ‘सातारा-सांगली भागातील मेंदूच्या गाठी : १९५८ ते १९७६’. कागद चांगला निवडलास, आलेख सुबक आलेत, आणि मुखपृष्ठावर तुझ्या नावाखाली माझं नाव बघून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पेन्सिल घेऊन अनुस्वार दुरुस्त करत करत मी निम्म्यापर्यंत आले आणि मग ते वाक्य आलं. ‘या भागातील शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ फारच विरळ असून, केवळ डोकेदुखीच्या तक्रारीवरून त्यांची या दृष्टीने तपासणी करण्याचे सहसा कारण पडत नाही.’ मी ते दोनदा वाचलं. मग पेन्सिल ठेवली, उठले, आणि प्रयोगशाळेत जाऊन उगाचच धुतलेल्या काचा पुन्हा धूत बसले. माझा मदतनीस म्हणाला, बाई, काचा फुटतील. फुटल्याच दोन.

आडवळणानं न जाता सांगते. ते वाक्य काढ. येत्या रविवारी साताऱ्याला डॉक्टरांच्या मेळाव्यात तू बोलणार, तिथे ही पुस्तिका वाटली जाणार, आणि तिथून ती दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या टेबलावर जाऊन बसणार. आपल्याकडच्या डॉक्टरला सगळी पुस्तिका वाचायला वेळ कुठला? पण ‘तपासणीचे कारण पडत नाही’ एवढं त्याच्या पक्कं लक्षात राहील, कारण त्यात त्याचं काम वाचतं. मग डोकं धरून आलेली बाई गोळी घेऊन घरी जाईल. ती घरी गेली म्हणून पुढच्या मोजणीच्या टेबलात ती नसेल, आणि ती टेबलात नाही म्हणून पुढचा कुणी नारायण हेच वाक्य पुन्हा लिहील. तू मागितलेली सही मी केलेली नाही. हे वाक्य असेपर्यंत करणारही नाही.

मोजण्यावरच माझा राग आहे असं समजू नकोस. मोजण्यावर माझा जीव आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आठवतं, आपण सुरुवात केली तेव्हा ठिकठिकाणचे सर्जन गाठीचे तुकडे कशात घालून पाठवायचे? हॉर्लिक्सच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, एकदा तर अत्तराची कुपी. एसटीचा कंडक्टर स्टँडवर उतरून ओरडायचा, “मेंदूवाल्या बाईंचं पार्सल हाय!” आणि रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरायची. तू तेव्हा सांगलीतच ऑपरेशनं करायचास. संध्याकाळी येऊन माझ्या मायक्रोस्कोपवर डोळा लावायचास, आणि आपण ठरवायचो, ही कुठली. मेंदूतच वाढलेला ग्लायोमा, की आवरणाची साधी, काढली तर माणूस उठून चालायला लागेल अशी गाठ, की क्षयाची. पहिल्या वर्षांत पोरांच्या डोक्यातली तर निम्मी क्षयाची निघायची. मग वर्षावर वर्ष रचत गेलो, क्षयाची औषधं खेड्यापर्यंत पोचली, आणि क्षयाच्या गाठींची रेघ खाली यायला लागली. ज्या दिवशी ती रेघ आपण पहिल्यांदा कागदावर काढली, त्या दिवशी तू खिशातून भडंगाची पुडी काढलीस आणि म्हणालास, “विनू, ही रेघ खाली येणं म्हणजे किती आया रडायच्या राहिल्या, बघ.” तो नारायण मला आवडायचा. किती आवडायचा हे तुला तेव्हा कळलं नाही आणि आता सांगण्यात काही हशील नाही. पण ते वाक्य त्या नारायणाचं नाही, एवढं मला कळतं.

तुझं उत्तर मला पाठ आहे. तू म्हणशील, टेबल बघ, टेबल काय खोटं बोलतं? आवरणाची गाठ जगभर बायकांत जास्त आढळते, पुरुषांपेक्षा चांगलीच जास्त. आपल्या टेबलात नेमकं उलटं आहे. पुरुष भरपूर, बायका जवळजवळ नाहीतच. हे मी तुला कितीतरी वर्षांपूर्वी दाखवलं होतं. इथल्याच व्हरांड्यात. विचारलं होतं, आपल्या बायकांची डोकी काय वेगळ्या मातीची आहेत का? तू हसून म्हणालास, “आपल्याकडे येईल तेच आपण मोजणार, विनू. न आलेलं कसं मोजू?” तेव्हा ते बरोबर होतं. पण तू पुण्याला गेलास, मोठा झालास, आणि मधल्या काळात कधीतरी ‘आपल्याकडे आल्या नाहीत’ याचं ‘त्यांना होत नाही’ असं झालं. कधी झालं ते तुलाही सांगता येणार नाही. आणि वर तू कारणंही शोधलीस! मोकळी हवा, ज्वारीची भाकरी, अंगमेहनत. नारायण, उसातलं तण भांगलून आलेल्या बाईच्या अंगमेहनतीचं एवढं कौतुक तिच्या नवऱ्यानंसुद्धा कधी केलं नसेल. तिला गाठ होत नाही म्हणे, कारण ती मेहनत करते! तिच्या शेजारी त्याच रानात राबणाऱ्या, तीच भाकरी खाणाऱ्या तिच्या भावाला मात्र होते.

आलं कोण आपल्याकडे, ते बघ ना. माधवनगरच्या गिरणीतला कामगार आला, कारण त्याला विमा होता. त्याचं डोकं दुखलं की गिरणीचा डॉक्टर चिठ्ठी द्यायचा. साताऱ्याकडचा फौजी आला, कारण मिल्ट्रीच्या दवाखान्यात त्याच्या डोक्याचा एक्स-रे फोटो निघायचा. विमा असलेलं डोकं आणि पेन्शन असलेलं डोकं, एवढीच आपण मोजली. गिरणीवाल्यांना विमा लागू झाला तेव्हा त्यांच्यातले ग्लायोमा एकदम वाढले, आणि तू लिहिलंस, कारखानदारीचा परिणाम असावा. आणि शहात्तर साली सगळ्याच रेघा खळग्यात गेल्या, त्याला तू ‘नैसर्गिक चढउतार’ म्हणतोस. नैसर्गिक! त्या वर्षी सरकारी दवाखान्याची जीप दिसली की गावंच्या गावं उसात पळत होती. नसबंदीला धरून नेतील म्हणून तापानं फणफणलेली माणसं घरात लपून राहिली. पुण्यातसुद्धा हे माहीत नव्हतं, असं मला सांगू नकोस.

आता विजयमालेचं सांगते. हे नाव तू ऐकलेलं नाहीस. तुझ्या टेबलात ते नाही.

विजयमाला आष्ट्याला दिलेली. माहेर साताऱ्याजवळचं, वडील सयाजीराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नवरा जोतीराम, स्वतःचा ऊस, बरं चाललेलं घर. तिला पहिल्यांदा काय झालं ते ऐक, कारण असलं लक्षण तुझ्या-माझ्या पुस्तकात एका ओळीत असतं आणि घरात ते वेगळंच दिसतं. त्यांच्या रानात गुऱ्हाळ लागलं होतं. काहील चढलेली, रस उकळतोय, अर्ध्या गावाला गुळाचा वास. ही जेवणाची पाटी घेऊन चुलवणापाशी उभी, आणि बघून विचारते, “कवा सुरू केलंसा गुऱ्हाळ?” सगळे हसले. जोतीराम म्हणाला, “नाक घरी ठेवून आलीया जणू.” मग दूध उतू जायला लागलं, भाकरी करपायला लागली. सासू बनुबाई वैतागली, “ध्यान कुठं असतंय हिचं?” ध्यान जागेवर होतं. वास जात होता. वास नेणारी शीर जिथून जाते तिथंच आवरणाला गाठ धरली होती, आणि ती सावकाश, वर्ष-दोन वर्षं घेऊन, मागं डोळ्यांच्या शिरांकडे सरकत होती. मग कपाळ दुखायला लागलं. मग एका डोळ्यापुढं ‘धुकं पडल्यागत’ व्हायला लागलं.

बनुबाईवर मी आधी खूप चिडले होते. पहिल्यांदा भेटली तेव्हा तोंडावर बोलले, सुनेचं डोकं इतके महिने दुखतंय आणि तुम्ही काय करत होता? तिनं पदर मागं सारला आणि आपल्या कानशिलांवर बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना डाग, तापलेल्या लोखंडानं दिलेले, जुने, गुळगुळीत झालेले. म्हणाली, “आमची बी डोकी दुखायची की वं बाई. डाग घेतला आन् भांगलायला गेलो. कुणाला सांगायचं? हिला तर डाग बी दिला न्हाई मी. डाक्टरकडं पाठीवली.” ते खरं होतं. पाठवली होती. त्या दिवसापासून मी आष्ट्याच्या बाजारात गेले की बायकांची कानशिलं बघते. नारायण, तूही कधी जाऊन बघ. भाजी विकणाऱ्या, घेणाऱ्या, बांगड्या भरायला बसलेल्या. किती जणींना डाग आहेत! साधी डोकेदुखी कितीजणींची, आणि गाठ कितीजणींची, मला सांगता येणार नाही. तुलाही येणार नाही. पण न सांगता येणं आणि ‘फारच विरळ’ म्हणणं यांत काहीतरी फरक आहे की नाही?

आणि आता ऐक, डॉक्टरकडं पाठवल्यावर काय झालं. आष्ट्याचे ते डॉक्टर कामचुकार नाहीत. उलट फार मन लावून काम करणारा माणूस, साताऱ्याच्या मेळाव्याला दरसाल स्वतःच्या पदरचं भाडं घालून जाणारा. त्यांनी विजयमालेला तपासलं, वास जातोय हे त्यांच्या ध्यानात आलं, डोळ्याचं विचारलं, आणि त्यांच्या मनात आलं की सांगलीला पाठवून डोक्याचा फोटो काढावा. हे त्यांनी नंतर स्वतः मला येऊन सांगितलं, खुर्चीच्या कडेला बसून, हातातली टोपी पिळत. म्हणाले, “बाई, चिठ्ठी लिहायला घेतली होती मी. मग नारायणरावांचं भाषण आठवलं. आपल्या शेतकरी बायकांत ही गाठ नसतेच म्हणाले होते ना ते? मला वाटलं, एवढा मोठा माणूस इतकी वर्षं मोजून सांगतोय, मी खेड्यातला वैद्य काय नवीन शोधणार? पाठवली तर सांगलीची माणसं हसतील.” पंचाहत्तर सालचं तुझं भाषण, नारायण. टाळ्या पडल्या होत्या, मीही तिथं होते. चहाच्या वेळी मी तुला पुन्हा तेच बोलले, आणि तू माझ्या पाठीवर थाप मारून दुसऱ्या कुणाशी बोलायला वळलास. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. शक्तीची इंजेक्शनं दिली, चष्मा दिला. चष्म्यानं कसं दिसतंय असं विचारलं तर विजयमाला म्हणाली, “धुकं मोठं दिसतंय.” त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय.

वर्ष गेलं. तेच शहात्तर साल. जोतीराम तिला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार होईना, गेलं की धरत्यात म्हणून. मी त्याला बोल लावत नाही, खरंच धरत होते. शेवटी सयाजीराव लेकीला भेटायला आले. हे तिच्या डाव्या अंगाला बसले, आणि ती उजवीकडं तोंड करून विचारते, “आबा अजून आलं न्हाईत व्हय?” म्हातारा उठला, तिचा हात धरला, आणि पुढच्या एसटीनं थेट सांगलीला घेऊन आला. आमच्या दवाखान्यात नंबर लागेना तेव्हा त्या माणसानं व्हरांड्यात उभं राहून जो आवाज लावला, तो आत प्रयोगशाळेत मला ऐकू आला. “आवं, माझं डोकं दुखलं असतं तर मिल्ट्रीवाल्यांनी सतरा फोटू काढलं असतं! मी आता काय कामाचा ऱ्हायलोय? तरीबी काढलं असतं! हिच्या डोक्याचा एक फोटू काढाय तुमचं काय जातंय? का हिचं डोकं डोकं न्हवं?” मी बाहेर आले ते त्या आवाजासाठी. इतकी वर्षं मी तुला जे विचारत आले, ते तो माणूस व्हरांड्यात ओरडून विचारत होता.

फोटो काढला. कपाळाच्या तळाशी हाड जाड झालेलं, शिकाऊ पोरालाही दिसावं असं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं, एका डोळ्याची शीर पांढरी पडलेली, दुसऱ्याची सुजलेली. मी तुला पुण्याला फोन लावला. तुझ्या दवाखान्यातून कळलं, साहेब परदेशी परिषदेला गेलेत. विषय विचारला. माहीत होता मला, तरी विचारला. तू तिथं हेच टेबल दाखवत होतास.

मग मुंबई. तिथं एसटीतून उतरेपर्यंत तिच्या दुसऱ्या डोळ्यापुढंही अंधार झाला होता. आता इथून नीट वाच, कारण तुला हे माहीत नाही आणि मलाही तोवर माहीत नव्हतं. विजयमालेचा चुलत दीर लालबागला गिरणीत आहे, गावाकडची चार-सहा माणसं मिळून एका खोलीत राहतात. त्यानं स्टँडवरच सांगितलं, गावचा पत्ता सांगू नका, गावची म्हटलं की तुमच्या जिल्ह्यात जा म्हणत्यात, खाट मिळत न्हाई. हे खरं का खोटं, मला ठाऊक नाही. पण आपल्याकडून जाणारा प्रत्येक जण हेच ऐकून जातो आणि हेच करतो. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं : विजयमाला जोतीराम, राहणार लालबाग, मुंबई. खाट मिळाली. तिथल्या सर्जननं गाठ पुरती काढली. माझ्या विनंतीवरून त्यानं तिचा एक तुकडा पाठवला, आणि मी तो स्वतः कापला, रंगवला, काचेखाली धरला. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी एकात एक वर्तुळं. आवरणाची, निव्वळ साधी गाठ. अशी की वेळेवर काढली असती तर विजयमाला पुढच्या हंगामात गुऱ्हाळावर वास घेत उभी राहिली असती. मी मायक्रोस्कोपवरून उठलेच नाही बराच वेळ. तुझ्या जागी कुणीच नव्हतं बघायला.

जीव वाचला. दोन्ही डोळे गेले. डोळ्यांच्या शिरा फार दिवस दाबलेल्या होत्या, सर्जनचा इलाज नव्हता. वर्षभरापूर्वी ती चिठ्ठी फाडली नसती तर एक तरी डोळा राहिला असता, असं त्यानं मला लिहिलं, आणि हे मी अजून आष्ट्याच्या डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तुला सांगते. त्यांनी फक्त तुझ्यावर विश्वास ठेवला.

ती कशी आहे म्हणशील, तर तिला बघून तुला लाज वाटेल इतकी ती धडधाकट आहे. केस पुन्हा वाढलेत. घरात दोऱ्या बांधून घेतल्यात, त्या धरून चुलीपासून गोठ्यापर्यंत जाते. मी गेले तेव्हा सासूला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाली, “येक बरं झालं बाई, आता सासूचं तोंड बघाय लागत न्हाई.” आतून बनुबाई म्हणाली, “तोंड न्हाई बघायचं, पर ऐकाय तर लागतंयच की!” आणि दोघी हसल्या. मला हसता आलं नाही. बनुबाईनं तिला जवळ बसवून ज्वारी निवडायला शिकवलंय, बोटांनी. खडा सापडला की विजयमाला तो बनुबाईच्या हातावर ठेवते आणि म्हणते, ह्यो तुमचा.

आता पुस्तिकेकडे ये. तुझ्या टेबलात शहात्तर सालापुढं, ‘आवरणाची गाठ, ग्रामीण स्त्रिया’ या रकान्यात शून्य आहे. ती त्याच सालची. तिची गाठ मी माझ्या हातानं तपासली. पण पत्ता लालबागचा, ऑपरेशन मुंबईचं, म्हणून तुझ्या नियमानं ती आपली नाही. ती मुंबईच्या मोजणीत जाणार. आणि शेवटच्या प्रकरणात तू काय केलंस? मुंबईचे आकडे शेजारी ठेवलेस आणि लिहिलंस, शहरी स्त्रियांत ही गाठ आपल्या ग्रामीण स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळते, धकाधकीच्या जीवनाचा हा परिणाम असू शकेल. ते वाचलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. आपल्याच बाया, नारायण! आष्ट्याच्या, कोरेगावच्या, वाईकडच्या. कुणाचा दीर परळला, कुणाचा भाऊ लालबागला. ज्यांना कुणी मुंबईत आहे त्या तिथं जाऊन शहरी होतात, ज्यांना कुणी नाही त्या डाग घेऊन गप बसतात, आणि दोन्हीकडून आपला रकाना रिकामा राहतो. तो रिकामा रकाना तू कौतुकानं छापतोयस.

पुस्तिका फेकून दे असं मी म्हणत नाही. क्षयाची रेघ खरी आहे, ती छाप, मोठी छाप. पण त्या वाक्याच्या जागी लिही, की या बायका आमच्यापर्यंत आलेल्या नाहीत, का आल्या नाहीत ते आम्हाला माहीत आहे, आणि वास गेल्याची, नजर अधू झाल्याची तक्रार घेऊन कुणी बाई आली तर फोटो काढल्याशिवाय तिला घरी पाठवू नका. हे पत्र तुझ्या हाती पडल्यावरही छापखान्याला दोन दिवस आहेत, मी विचारून घेतलंय. एक पान बदलायला तेवढे पुरतात.

एवढंच असतं तर मी प्रुफावर चार ओळी खरडल्या असत्या. पत्र लिहायला बसले ते वेगळ्या कारणानं. परवा भाऊबीज झाली. माझा भाऊ साताऱ्याला असतो, तिकडे गेले होते, आणि येताना वाट वाकडी करून विजयमालेच्या माहेरी गेले, दिवाळीसाठी ती तिथं आलीय. प्रुफं माझ्या पिशवीत होती. सयाजीरावांनी विचारलं, काय वाचताय, आणि मी सांगितलं. मग विजयमालेनं विचारलं, “त्या पुस्तकात मी हाय?” मी खोटं बोलू शकले असते. मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं, आणि मुंबईच्या आकड्यांचंही वाचलं. सयाजीराव ताडकन उठले, पण तिनं त्यांना खाली बसवलं. मग विचारलं, त्यो डाक्टर साताऱ्याला कवा येनार हाय. रविवारी ती येतेय, नारायण. सयाजीराव तिला घेऊन येणार आहेत आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे. तू ते पान बदललंस तरी ती येईल, न बदललंस तरी येईल. बदललं नसशील तर मात्र ते वाक्य तिच्यासमोर तुझ्या तोंडानं मोठ्यानं वाचून दाखव, कारण तिला आता वाचता येत नाही. तुला न कळवताही मी तिला आणू शकले असते. तसं करवेना, म्हणून हे पत्र. भाषण झालं की ती उठून तुला एक सांगणार आहे. तिनं ते माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं, तेव्हा काय ते तुला आधीच कळू दे : “मला मुंबईची म्हणून मोजली म्हनं. आवं, मुंबई तर मी बघितली बी न्हाई.”

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
विनोदिनी